मापाचा अभ्यास

बाईंनी बटणांची वाटी टेबलावर उपडी केली आणि बटणं तळहाताने पसरवली.

‘ही चोवीस आहेत. सहा मुलींना सारखी वाटून दे.’

भिंगरीने एक निळं बटण उचललं, डोळ्याजवळ धरलं आणि त्याच्या भोकातून खिडकीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली,

‘कोणत्या सहा मुली?’

‘कोणत्याही.’

‘त्या मैत्रिणी आहेत का? एकीला निळंच हवं असलं तर?’

काल हीच मुलगी, याच टेबलाशी, बाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत ‘चार चार’ म्हणून मोकळी झाली होती आणि वर ‘अवघड द्या ना’ म्हणून हटून बसली होती. आज तिने बटणांचे रंगवार ढीग केले. निळी सगळी एका ओळीत मांडली. सहा जणींसाठी ढीग किती करायचे, हेच तिला उमजेना. बोटं मोजली, पुन्हा मोजली, आणि ओठ चावत बसली. मुलांची नाटकं बाई लांबून ओळखत. हे नाटक नव्हतं.

‘राहू दे,’ त्या म्हणाल्या. ‘गोष्ट वाच.’

भिंगरीने पुस्तक उघडलं आणि वाहत्या पाण्यासारखी वाचत सुटली. म्हातारा आला की आवाज जाड, मांजर आली की बारीक. शेजारच्या टेबलावरची मुलं हातातलं टाकून ऐकू लागली. आणि कालच याच गोष्टीच्या पहिल्या ओळीत ती अशी अडकली होती की बाईंनीच शेवटी पुस्तक मिटलं होतं.

पाठीमागून एक मुलगा म्हणाला, ‘बाई, आज भिंगरी फिरत नाहीये. दोरी तुटली वाटतं.’

मुलं हसली. भिंगरीही थोडी हसली आणि पुढे वाचू लागली.

ही खोली पूर्वी प्रयोगशाळेची अडगळ होती. तीन वर्षांपूर्वी बाईंनी ती मागून घेतली, भिंतींना स्वतः रंग दिला, आणि वर्गात मागे पडलेल्या मुलांसाठी तिथे वेगळा अभ्यास सुरू केला. कुणाच्या घरी पुस्तक नव्हतं, कुणाचं घरच दर दोन महिन्यांनी बदलत होतं. सगळ्यांना एकच धडा एकाच दिवशी वाढायचा आणि जो खाईल तो खाईल, हे बाईंना पटत नसे. प्रत्येक मुलाला काय येतं, काय अडतं, कशात जीव रमतो हे बघून त्या त्याच्यापुरता अभ्यास बेतत. गणिताचे सर त्यांना शिंपीणबाई म्हणत. ‘काय, आज कुणाचं माप घेतलं?’ असं जाता-येता विचारत. बाईंना त्याचा राग येत नसे. माप बरोबर बसलं की मूल कसं ताठ उभं राहतं, हे त्यांनी पाहिलं होतं.

भिंगरीचं माप मात्र लागत नव्हतं.

गणितात कच्ची म्हणून गणित वाढवावं, तर दुसऱ्या दिवशी ती तेच गणित चुटकीसरशी सोडवून जांभया देई. वाचनात कच्ची म्हणून सोपा धडा काढावा, तर ती तो ऐटीत वाचून ‘पुढे काय झालं?’ विचारी. एके दिवशी खुर्चीत पाच मिनिटं ठरत नसे. एके दिवशी दोन तास मान वर करत नसे. बाईंनी तिचे डोळे तपासून घेतले, कान तपासून घेतले. दोन्ही ठणठणीत. रात्री नीट झोपतेस का, विचारलं. हो म्हणाली. काही खाऊन येतेस का, विचारलं. हो म्हणाली. घरी कोण असतं, विचारलं, तेव्हा म्हणाली, ‘आई आणि आजोबा.’ आणि बुटाचे बंद सोडून पुन्हा बांधू लागली.

सत्र संपत आलं तेव्हा मोठ्या बाईंनी त्यांना बोलावलं. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. वाईट नव्हत्या, पण त्यांच्या टेबलावर एखादी गोष्ट फार दिवस पडून राहिलेली त्यांना खपत नसे.

‘या मुलीचं काय करायचं?’

‘थोडा वेळ द्या,’ बाई म्हणाल्या.

‘वर्ष होत आलं. तुम्हीच लिहिलंय, आज आलेलं उद्या येत नाही. स्मरणच टिकत नसेल तर आपण काय करणार? पुलापलीकडच्या शाळेत तशा मुलांची सोय आहे.’

पुलापलीकडची शाळा बाईंनी पाहिली होती. तिथली मुलं खोकी घडी करायला आणि लेबलं चिकटवायला शिकत. वाचायला कुणी शिकत नसे, कारण कुणी शिकेल अशी तिथे कुणाची अपेक्षाच नव्हती.

‘तिचं स्मरण पक्कं आहे,’ त्या म्हणाल्या. ‘परवाचं सगळं आठवतं तिला. कालचं…’

‘कालचं?’

‘कालचं कुणीतरी सांगितल्यासारखं आठवतं.’

मोठ्या बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. आपण काय बोललो ते बाईंनाही नीट कळलं नव्हतं. कोपऱ्यात चहा पीत बसलेले गणिताचे सर म्हणाले, ‘शिंपीणबाई, कधीकधी कापडच तसं असतं हो. धुतलं की आटतं.’

‘पुढच्या आठवड्यात ठरवू,’ मोठ्या बाई म्हणाल्या.

त्या आठवड्यात भिंगरीचा दात पडला. शांत दिवस होता. वाचता वाचता ती थांबली, तोंडात बोट घातलं आणि वरचा पुढचा दात काढून तळहातावर ठेवला. रक्ताचा एक थेंब पानावर पडला. बाईंनी तिला चूळ भरायला लावली, दात कागदात गुंडाळून दिला, आणि ती खिडकी पडलेलं तोंड मिटून, उघडून, जिभेने चाचपत दिवसभर मजेत बसली.

दुसऱ्या दिवशी ती वाऱ्यासारखी आत शिरली, दप्तर टाकलं आणि म्हणाली, ‘आज भागाकार ना?’

तिच्या तोंडात वरचे दात सगळे होते.

बाईंच्या हातातला खडू तसाच राहिला. आपल्याला बरं नाही, असं त्यांना आधी वाटलं. मग वाटलं, दात कालच्या आधी पडला असेल. पण तो काल त्यांनीच कागदात गुंडाळून दिला होता, आणि एका रात्रीत नवा दात येत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल.

‘आ कर बघू,’ त्या म्हणाल्या.

भिंगरीने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू ओसरलं. तिने ओठ घट्ट मिटले, आणि शाळा सुटेपर्यंत ते उघडले नाहीत. भागाकार मात्र एक चुकला नाही.

शाळा सुटल्यावर बाई तिच्याबरोबर निघाल्या. ‘घरी येते तुझ्या,’ एवढंच म्हणाल्या. भिंगरी पुढे, त्या मागे. सायकल दुरुस्तीच्या दुकानापाशी आल्यावर मुलगी थांबली.

‘बाई, रागवायचं असेल तर मला रागवा. तिला नको. ती आज आलीच नव्हती.’

बाईंनी मान हलवली. कशाला हलवली, त्यांना कळलं नाही.

दुकानाच्या बाजूने लोखंडी जिना वर जात होता. वर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खिडकीशी खाट होती, खाटेवर उशांना टेकून एक म्हातारे गृहस्थ, आणि त्यांच्या पायथ्याशी बसून त्यांची नखं कापत होती भिंगरी. तेच केस, तसेच कापलेले. तेच कान. तिने वर पाहिलं आणि तिचं तोंड उघडं पडलं. वरचा एक दात नव्हता.

बाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. वर्षभर एकाच मुलीचा विचार करताना त्या किती वेळा चक्रावल्या होत्या. आता दोघी समोर दिसत होत्या तरी डोकं जागेवर येत नव्हतं.

‘या,’ आजोबा म्हणाले. त्यांचं उजवं अंग गेलेलं होतं आणि शब्द एका बाजूने घसरत येत. ‘बाई ना? आवाजावरनं ओळखलं असतं. रोज ऐकतो.’

‘माझा आवाज?’

‘या काढतात की तुमचा.’

सांगितलं ते आजोबांनीच, थांबत थांबत. मुलींचा बाप कामासाठी दूर गेला तो तिकडचाच झाला. आई इस्पितळाच्या लाँड्रीत, उजाडायच्या आत जाते, दिवेलागणीला येते. आजोबांना एकटं ठेवता येत नाही. म्हणून आईने एकीचं नाव शाळेत घातलं आणि एकीला घरी ठेवलं. मुलींनी आपसांत पाळ्या लावल्या. आज ही, उद्या ती.

‘नाव हिचं आहे,’ आजोबांनी डाव्या हाताने शाळेतून आलेलीकडे बोट केलं. ‘ही भिंगरी. ती गोगी. गोगलगाय आणि पोटात पाय. तीच मूळची या भानगडीची.’

गोगी नखं गोळा करत होती. मान खाली घालून म्हणाली, ‘मला फक्त बघायचं होतं एकदा, शाळा कशी असते.’

‘आणि मग?’ बाईंनी विचारलं.

‘मग गोष्ट अर्धी राहिली होती.’

बाई स्टुलावर बसल्या. कुणी त्यांना पाणी दिलं. कोणी दिलं, ते त्यांनी पाहिलं नाही. पाच-दहा मिनिटं अवघडलेली गेली, आणि मग रोजची वेळ झाली असावी, कारण भिंगरीने दप्तर उघडलं, गोगी तिच्यासमोर मांडी घालून बसली, आणि पाहुण्या बसल्या आहेत हे दोघी हळूहळू विसरल्या. भिंगरीने आजोबांच्या औषधांच्या रिकाम्या पाकिटांचे ढीग केले आणि आज झालेला भागाकार सांगायला सुरुवात केली. गोगीने कोणत्या मुलींना वाटायचं ते विचारलं. भिंगरीने बाईंसारखाच श्वास सोडला, चष्मा नसलेल्या नाकावरचा चष्मा वर सरकवला आणि सहा मुलींना सहा नावं दिली. गोगीला तेवढंच हवं होतं. थोडं चुकत, थोडं अडखळत तिने पाकिटं वाटली.

आपल्याला हे का सुचलं नाही, असं बाईंच्या मनात आलं. मुलींना नावं द्यायची, एवढंच तर होतं.

‘तुम्हाला ओळखू येतात दोघी?’ त्यांनी आजोबांना हळूच विचारलं.

‘कधी येतात, कधी नाही. सांगते ती भिंगरी, ऐकते ती गोगी, असं धरून चालतो. पण उद्या तेही उलटं होतं.’

आई आली तेव्हा बाहेर अंधारलं होतं. तिच्या कपड्यांना साबणाचा आणि वाफेचा वास होता. परकी बाई बघून ती दारातच थबकली, मग मुलींकडे बघून तिने दोघींपैकी कोण आजारी आहे ते आधी शोधलं. बाईंनी तिला सगळं सांगितलं. तिला यातलं काही माहीत नव्हतं.

ती चिडेल, एखादीला फटका मारेल, असं बाईंना वाटलं होतं. ती भिंतीशी खाली बसली.

‘नाव घालायला गेले त्या दिवशी जिला आधी जाग आली तिला घेऊन गेले,’ ती म्हणाली. ‘निवडायचं कसं, सांगा. एकीला निवडलं म्हणजे दुसरीला…’ ती थांबली. ‘म्हणजे दोघींना येतं वाचायला?’

‘दोघींना. गोगीला जास्त चांगलं येतं.’

‘हिला?’ आईने घरी ठेवलेल्या मुलीकडे असं पाहिलं, जणू ती आत्ताच जिना चढून आली होती. मग पदर डोळ्यांना न लावता तसाच हातात धरून बसली.

बाईंनी दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंना सांगितलं. मोठ्या बाईंनी आधी ऐकून घेतलं, मग पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

‘म्हणजे वर्षभर आपण दोन मुलींना मिळून एक मंद मूल म्हणत होतो.’

‘मी म्हणत होते,’ बाई म्हणाल्या.

‘आता दोघींनाही घ्या. नावाचं मी बघते. म्हाताऱ्यांचं काय?’

म्हाताऱ्यांचं आईनेच बघितलं. तिने लाँड्रीत संध्याकाळची पाळी मागून घेतली. मुली शाळेत असताना ती घरी, मुली आल्या की ती कामावर. फाटकाशी भेटली तेव्हा हसून म्हणाली, ‘आता मला दोघी झोपलेल्याच दिसतात. पण झोपेत मात्र ओळखू येतात. गोगी पालथी झोपते.’

पुलापलीकडच्या शाळेचा विषय संपला. वेगळ्या खोलीत दोन खुर्च्या शेजारी शेजारी आल्या. बाईंनी आयुष्यात कधी केला नसेल एवढ्या हौसेने दोघींचा अभ्यास बेतला. भिंगरीला वाचन, पण आकड्यांच्या वाटेने: वेळापत्रकं, खेळांचे नियम, वस्तूंवरची लेबलं. गोगीला गणित, पण गोष्टीच्या वाटेने: प्रत्येक उदाहरणात माणसं, माणसांना नावं. एकेक माप नेमकं. आता कुठे कोडं सुटलं होतं.

पहिल्या महिन्यात काही झालं नाही. दुसऱ्या महिन्यात दोघी मागे जाऊ लागल्या.

बाईंचा विश्वास बसेना. गोगीचं गणित पूर्वीपेक्षा कच्चं झालं. भिंगरी वाचताना पूर्वी जिथे अडखळायची तिथे आता थांबूनच राहायची आणि शेजारी बघायची. गोगीने शब्द सांगितला की पुढे. उलट बाजूने गणिताचंही तेच. बाईंनी खुर्च्या लांब केल्या. मुली मान वळवू लागल्या. धडे सोपे केले. काही उपयोग नाही. अर्धं वर्ष शाळेत नसून ज्या पोरी एवढ्या पुढे आल्या, त्या रोज येऊ लागल्यावर पालथ्या घड्यावर पाणी. ‘आता दोन्ही कापडं आटायला लागली का?’ गणिताच्या सरांनी विचारलं, आणि बाईंच्या चेहऱ्याकडे बघून पुढचं गिळलं.

एका मधल्या सुट्टीत त्यांनी दोघींना थांबवून घेतलं.

‘घरी गेल्यावर काय करता हल्ली?’

‘आजोबांचं करतो,’ भिंगरी म्हणाली.

‘आणि अभ्यास? ते सांगणं, ऐकणं?’

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

‘काय सांगणार?’ गोगी म्हणाली. ‘तिला माहीतच असतं. तीपण इथेच असते.’

‘आजोबा म्हणतात, आता घर मुकं झालं,’ भिंगरी म्हणाली. मग विचार करून तिने पुढे जोडलं, ‘आधी वर्गात मला वाचनाच्या वेळीसुद्धा ऐकावं लागायचं. नाहीतर घरी जाऊन हिला काय देणार?’

गोगीने मान हलवली. ‘मला गणित आवडत नाही. पण भिंगरी दारातच विचारायची, आज कुठलं झालं म्हणून. मग मला ते नीट घेऊन जावं लागायचं. सांडू न देता.’

खिडकीबाहेर मुलांचा गलका चालू होता. बाईंनी बेतलेले दोन अभ्यास टेबलावर शेजारी शेजारी पडले होते. त्यातलं कुठलं पान चुकलंय, ते त्यांना सांगता येईना. बहुधा कुठलंच चुकलं नव्हतं.

‘गोगी,’ त्या शेवटी म्हणाल्या, ‘तू जरा ग्रंथालयात जाऊन बस.’

‘मी काय केलं?’

‘काही नाही. घंटा झाली की ये.’

गोगी गेली. बाईंनी भिंगरीसमोर पुस्तक ठेवलं. कुठल्याही लेबलांचं नाही, नियमांचं नाही, साधी गोष्ट, आणि तीही लांब. भिंगरीने शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग दाराकडे, मग पुस्तक जवळ ओढलं. ती अडखळली. पुन्हा मागे गेली. एका शब्दावर बोट ठेवून तो तीनदा वाचला, आणि तिसऱ्यांदा तिच्या कपाळावरची आठी गेली. ‘थांबा, हे तिला लागेल,’ ती स्वतःशीच पुटपुटली. म्हाताऱ्याचा आवाज कसा काढायचा, ते तिने दोन प्रकारे करून बघितलं.

घंटा झाली. गोगी आली आणि दारातच म्हणाली, ‘काय झालं आज?’

बाकीची मुलं आपापल्या वर्गात गेली होती. बाईंनी फळा पुसला, खडू कठड्यावर ठेवला आणि बाहेर येऊन दार लोटून घेतलं. मागून गोष्टीला सुरुवात झाली. थोड्या वेळाने मध्येच प्रश्न आला, मग बटणं टेबलावर ओतल्याचा आवाज आला. गोष्टीत कुणीतरी कुणाला काही वाटायला घेतलं असावं.

गणिताचे सर वह्यांचा गठ्ठा घेऊन चालले होते. बंद दाराकडे बघून थांबले.

‘तुम्ही बाहेर? मग आत कोण शिकवतंय?’

बाईंनी कान दिला. आत दोन आवाज होते, आणि त्यातला कोणता कोणाचा, हे त्यांना सांगता येत नव्हतं.

‘दोघींपैकी एक,’ त्या म्हणाल्या, आणि उशिरा येणाऱ्या मुलांसाठी भिंतीशी ठेवलेल्या बाकावर बसल्या.